पोचपावती

आमच्या धाकट्याचे लग्न जमवीत होतो त्या दिवसांतली गोष्ट. मुलीचे मामा नांदेडहून आले होते. पोहे झाले, चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग मामांनी मांडी बदलली. लग्नाच्या बैठकीत मांडी बदलली की मुद्द्याचा प्रश्न येणार, हे अशा बैठकींत बसलेल्या कोणालाही ठाऊक असते.

"मुलगा करतो काय म्हणे?"

"ईडीआयमध्ये आहे," मी म्हणालो. मी स्वतः ही अक्षरे त्याच आठवड्यात पाठ केली होती.

"ईडी?" मामा चांगलेच दचकले. "धाडी घालतात ते?"

"नाही हो. ईडीआय. इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज. म्हणजे एका कंपनीचे कागद दुसऱ्या कंपनीच्या संगणकात आपोआप जाऊन पडावेत, अशी व्यवस्था तो करतो."

मामांनी क्षणभर विचार केला. चेहऱ्यावर समाधान पसरले. "म्हणजे पोस्टात आहे म्हणा की!"

तेवढ्यात आतल्या खोलीतून आमच्या अण्णांचा आवाज आला, "पोस्टातलं माणूस निदान संध्याकाळी घरला तरी येतं."

लग्न जमले. पण 'पोस्टातले जावई' हे नाव धाकट्याला सासरी जे चिकटले ते आजतागायत सुटलेले नाही.

मला त्या दिवशी हसू आले खरे, पण मनात कुठे तरी बोचलेही. मी पडलो चित्रकलेचा मास्तर, शिक्षण दहावीपर्यंतचे. दोन-तीन कादंबऱ्या नावावर आहेत, एवढाच काय तो माझा विद्येशी संबंध. धाकटा शिकला, अभियंता झाला. आणि तो नेमके करतो काय, हे चारचौघांत सांगण्याची पाळी आली की माझी बोबडी वळते. बँकेत असता, पाटबंधारे खात्यात असता, तर एका शब्दात काम भागले असते. ज्याच्यासाठी आपण वाटेत थांबलो तो पुढे कुठल्या गावाला गेला, हे आपल्यालाच सांगता येऊ नये, याचे एक चमत्कारिक दुःख असते. ते कुणापाशी बोलूनही दाखवता येत नाही.

थांबलो म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे.

अण्णा लातूरच्या बाजारात एका आडत दुकानावर मुनीम होते. गंजगोलाईला सोळा वाटा येऊन मिळतात असे सांगतात. त्यांतल्याच एका वाटेने आत गेले की ते दुकान लागे. शेतकऱ्याची तूर, करडई, सोयाबीन दुकानात येई; हमाल, तोलार, मग सौदा, आणि शेवटी अण्णांच्या हातची हिशोबपट्टी. आडत इतकी, हमाली इतकी, तोलाई इतकी, बाकी रोख इतकी. अक्षर असे की पट्टी घेऊन जाणारा, वाचता येत नसले तरी, ती घडी न घालता नेई. अण्णांची एक खोड होती. कुठल्याही यादीच्या खाली ते रेघ मारीत आणि लिहीत, 'एकूण कलमे चौदा' किंवा जी काय असतील ती. "खाली कुणी पंधरावं घुसडू नये, आणि वरचं कुणी खाऊ नये," असे त्याचे कारण ते सांगत. आणि परगावच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ठरलेले वाक्य असे, 'माल मिळताच पोच द्यावी.'

१९९५ साली मी दहावी झालो. त्याच वर्षी हैदराबादच्या एका व्यापाऱ्याचा दुकानावर फोन आला. त्याला तुरीच्या डाळीची पोती हवी होती. त्याने 'सात' म्हटले की 'साठ' म्हटले, हे आता त्या दोघांनाच ठाऊक, आणि त्यांतला एक आज हयात नाही. अण्णांनी 'साठ' ऐकले. साठ पोती गेली. तिकडून निरोप आला की आम्ही नमुन्यादाखल सात मागवली होती, उरलेली घेऊन जा. तोवर भाव उतरला होता. ट्रकचे भाडे दोन्हीकडचे, शिवाय भावातले नुकसान. मालकांनी आकडा मांडला, आणि बावीस वर्षांच्या नोकरीवर त्याच आकड्याखाली रेघ मारली.

मालक वाईट होते असे मी म्हणणार नाही. व्यापारी खोटे बोलला असेही नाही. फोनवरून आलेल्या शब्दाला सही नसते, एवढेच. अण्णांनी त्यानंतर त्या प्रकाराचा उच्चार केला नाही. दोन किराणा दुकानांचे हिशोब ते घरी बसून लिहू लागले. मी इंटरमीजिएटची चित्रकलेची परीक्षा दिलेली होती. पुढे कॉलेजात न जाता दोन वर्षांचा आर्ट टीचर डिप्लोमा केला आणि मुलांना कमळ आणि सूर्योदय काढायला शिकवू लागलो. धाकटा तेव्हा दहा वर्षांचा होता. गणितात हुशार होता. दोघांपैकी कोणी पुढे जायचे, हा प्रश्न घरात कोणी तोंडाने विचारला नाही. तो आपोआप सुटला.

२००३ साली त्याला नांदेडला, विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. पगार झाला की मी त्याला मनिऑर्डर करीत असे. कुपनाच्या चिमुकल्या जागेत दोन ओळी लिहीत असे. 'अण्णांचा खोकला बरा आहे', 'पुस्तके घे, बूट पुढच्या महिन्यात' अशा. आठवड्याने पावती परत येई. तिच्यावर त्याची सही, बस्स. उत्तर नाही, पत्र नाही. मी त्या पावत्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकीत गेलो. का, ते मला सांगता येणार नाही. मुनिमाचा मुलगा, दुसरे काय!

तर आता त्या ईडीआयविषयी. मला कळले तेवढे आणि तसे सांगतो.

समजा, एका मोठ्या दुकानाला पाचशे डबे हवे आहेत. तिथला कारकून आपल्या संगणकावर मागणी लिहितो, छापतो, टपालाने धाडतो. डबेवाल्याकडचा कारकून ती वाचून पुन्हा आपल्या संगणकात लिहितो. मग माल निघाल्याची चिठ्ठी, मग बिल, मग पैसे. दर खेपेला हाच द्राविडी प्राणायाम, आणि दर खेपेला सातचे साठ होण्याची सोय. ईडीआयमध्ये मधली माणसे गळतात. एक संगणक दुसऱ्याशी थेट बोलतो. पण ते बोलणे ठरलेल्या साच्यातले असावे लागते. अमेरिकेत या साच्याचे नाव एक्स-बारा. तिथे मागणी म्हणजे आठशे पन्नास, बिल म्हणजे आठशे दहा, माल निघाल्याची वर्दी म्हणजे आठशे छप्पन्न, आणि पोच म्हणजे नऊशे सत्त्याण्णव. युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने केलेले वेगळे व्याकरण चालते. त्याला १९८७ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. धाकटा सुटीवर येतो तेव्हा फोनवर ओरडत असतो, "आठशे छप्पन्न अडकलंय!" पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा आमच्या मंडळींना वाटले, कुठल्या तरी गाडीचा नंबर आहे आणि ती घाटात अडकली आहे.

आता हे सांकेतिक बोलणे फार नवे आहे असे मुळीच नाही. नांदेडहून लातूरला येताना लोह्याच्या पुढे माळेगाव लागते. तिथल्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. दोन हेडे रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबीत उभे असतात. चेहऱ्यावर रेघ हालत नाही आणि बैलजोडीचा सौदा होऊन जातो. किंवा तारेचे घ्या. आपल्या तारखात्याने सणासमारंभांच्या शुभेच्छांना क्रमांक देऊन ठेवले होते. लग्नाला आठ नंबर, आणि पहिला क्रमांक दिवाळीचा. तारबाबू वाक्य पाठवीतच नसे, नुसता आकडा पाठवी, आणि पलीकडे घरी पोचे ते 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' असे भरगच्च इंग्रजी वाक्य. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा मला वाईट वाटले होते. धाकटा म्हणाला, "दादा, ती बंद नाही झाली. ती माझ्याकडं आली."

या विद्येचा जन्म कुठे झाला, हेही त्यानेच मला सांगितले. १९४८ च्या जूनमध्ये बर्लिन शहराच्या पश्चिम भागाची रशियाने नाकेबंदी केली. रस्ते बंद, रेल्वे बंद. वीस लाखांवर माणसांना पीठ, कोळसा, दूध सगळे विमानातून पोचवायचे. विमानामागून विमान उतरू लागले, आणि प्रत्येकाबरोबरच्या मालाच्या यादीचा तऱ्हा निराळा; कागद निराळे, भाषा निराळ्या. तेव्हा अमेरिकन सैन्यातील एडवर्ड गिल्बर्ट नावाच्या एका सार्जंटाने सहकाऱ्यांच्या मदतीने यादीचा एकच साचा बसवला. तो टेलेक्सने, रेडिओने, नुसत्या फोनवरूनही धाडता येई. पुढे हाच गिल्बर्ट एका रसायनांच्या कारखान्यात गेला आणि साठीच्या दशकात त्याने तीच युक्ती व्यापारात आणली.

हे ऐकताना माझे लक्ष बर्लिनवर नव्हते. १९४८! त्याच सप्टेंबरच्या १७ तारखेला आमचा मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. आमच्या आजोबांच्या काळी लातूरच्या पेठेत दुकानाची वही मोडीत, सरकारी कागद उर्दूत आणि रेल्वेची पावती इंग्रजीत. एका पोत्याला तीन लिप्या! ते पोते बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या डब्यातून कुर्डुवाडीला जाई. तिथे अरुंद रूळ संपत आणि रुंद रूळ सुरू होत. मग हमाल एका डब्यातले पोते पाठीवर घेत आणि दुसऱ्या डब्यात टाकीत. पोते तेच, तूर तीच, फक्त रूळ बदलत. धाकट्याला एकदा मी म्हणालो, "म्हणजे तू कुर्डुवाडीचा हमाल." त्याला ते इतके आवडले की त्याने आपल्या साहेबांना सांगितले. त्यांना कुर्डुवाडी कुठली ठाऊक असणार!

पण ती उपमा खरी आहे. प्रत्येक कंपनीच्या संगणकाचा रूळ वेगळा. एकाची तारीख आधी वर्ष, दुसऱ्याची आधी दिवस. एक डझनात मोजतो, दुसरा नगांत, तिसरा खोक्यांत. एकेका बड्या दुकानाचे 'आम्हाला कागद असा हवा' हे सांगणारे बाड शंभर-शंभर पानांचे असते. धाकटा ते वाचतो आणि या डब्यातले कोणते पोते त्या डब्यात कुठल्या कोपऱ्यात ठेवायचे, ते ठरवून देतो. एकदा बसले की महिनोन्‌महिने चालते. आणि चालते तोवर त्याची आठवण कोणालाही होत नाही. शाळेतल्या घंटेसारखे आहे. घंटा वेळेवर झाली म्हणून शिपायाचे अभिनंदन केलेले मी तरी पाहिले नाही.

२००७ साली पुण्याला त्याला पहिली नोकरी लागली. नव्या मुलांना एका दालनात बसवून नावे पुकारली. ज्यांची वट होती ते नव्या झगझगीत कामांवर गेले आणि उरलेल्यांत हा. त्या रात्री त्याचा फोन आला. "दादा, जुनं काम दिलंय. पाच वर्षांत बंद पडतंय म्हणतात." ती पाच वर्षे केव्हाच संपली. नवनवी तंत्रे आली, दर दोन वर्षांनी कोणी तरी ईडीआयच्या मरणाची तिथी जाहीर करतो, हल्ली तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेऊन करतात. आणि हा जुना बैल मोट ओढतोच आहे. नवी मुले या कामाकडे फिरकत नाहीत, त्यामुळे ज्यांना येते त्यांना मान आहे, आणि पगारही आहे. आमच्या लातूरच्या घरावर माडी चढली ती त्यातूनच. २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा तो बायको-मुलीसह नांदेडला सासरच्या गावी आला आणि तिथूनच काम करू लागला. जगभर रस्ते ओस पडले होते, पण साबण आणि औषधे कुठून कुठे निघाली, हे त्याला नांदेडच्या खोलीत बसून दिसत होते. तेवढ्या वर्षापुरता तो आपल्या कामाविषयी अभिमानाने बोलला.

आपल्याकडे तरी ही गोष्ट दूरची कुठे राहिली आहे? १९९५ साली, म्हणजे अण्णांची नोकरी गेली त्याच वर्षी, दिल्लीच्या कस्टम्सच्या कचेरीत ईडीआयचा पहिला प्रयोग सुरू झाला. आज न्हावा-शेवा बंदरातून माल निघतो तो असल्याच संदेशांच्या बोटाला धरून. २०१८ पासून लातुरातून सोयाबीन तेलाचा टँकर बाहेर पडतो त्याच्याबरोबर ई-वे बिलाचा बारा आकडी क्रमांक असतो. ड्रायव्हरला त्यातले काही कळत नाही, पण तो क्रमांक नसेल तर वाटेत काय होते ते त्याला पक्के कळते.

त्रास म्हणाल तर रात्रीचा. त्याची गिऱ्हाइके युरोप-अमेरिकेतली. त्यांचा नाताळचा बाजार भरू लागतो तो नेमका आपल्या दिवाळीत. माल पोचण्याआधी वर्दी पोचली नाही तर तिकडची दुकाने पुरवठादाराच्या बिलातून दंड कापून घेतात. म्हणून फोन कधीही वाजतो. माझी पुतणी त्या फोनला 'बाबाची सवत' म्हणते. हा शब्द तिला कोणी शिकवला, ते मी विचारलेले नाही.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपले. अण्णा अजूनही नवी लाल वही आणतात, पहिल्या पानावर 'श्री' काढतात, हळदकुंकू वाहतात. दुकान नाही, तरी वही आहे. मुले अंगणात फुलबाज्या उडवीत होती. धाकट्याचा फोन वाजला. त्याने हातातली फुलबाजी माझ्या हातात दिली आणि तो माडीवर गेला, तो जेवायलाही खाली आला नाही. बारा वाजले, एक वाजला. मी चहा घेऊन वर गेलो.

"काय झालं रे?"

"युरोपातल्या एका गिऱ्हाइकाच्या सगळ्या मागण्या परत फिरल्यात. सकाळी तिथं ट्रक भरायचेत. मागणीच पोचली नाही तर भरायचं काय?"

पडद्यावर ओळीखाली ओळ अशी इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची रांगोळी होती. मला त्यात अधिकची चिन्हे दिसली, प्रश्नचिन्हे दिसली, अर्थ काही दिसला नाही. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. म्हाताऱ्या माणसांना झोप कमीच.

"काय करायलास लेकरा इतक्या रातीला?"

धाकटा बाजूला सरकला. अण्णा खुर्चीवर बसले. चष्मा सारखा केला. "ह्ये शेवटी काय लिवलंय?"

"एकूण ओळी सतरा, असं लिवलंय, अण्णा. प्रत्येक संदेशाच्या खाली ओळींची संख्या लिहावीच लागते. कुणी खाऊ नये, घुसडू नये म्हणून."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी बोट पुढे केले आणि काचेवर वरून खाली ओळी मोजू लागले. पुटपुटत, प्रत्येक ओळीवर थांबत. शेवटी म्हणाले, "अठरा हाईत."

"हं."

पुन्हा मोजल्या. या खेपेला बोट मध्येच थांबले. "ही ओळ न्हवं. बाकी समद्यांना तीन तीन अक्षरांचं डोकं हाय. हिला डोकंच न्हाई."

धाकट्याने वाकून पाहिले. पत्त्याची ओळ मध्येच तुटून दोन झाल्या होत्या. हॉलंडमध्ये हेर्टोगनबॉस की असल्याच नावाचे एक शहर आहे. त्याच्या नावाची सुरुवातच मुळी एका वर टांगलेल्या स्वल्पविरामाने होते. तिथे त्या गिऱ्हाइकाचे नवे दुकान निघाले होते. आणि त्या व्याकरणात हेच चिन्ह म्हणजे वाक्य संपले! हे चिन्ह नावाचाच भाग असेल तर त्याच्याआधी एक प्रश्नचिन्ह ठेवायचे असते, म्हणजे संगणक तिथे थांबत नाही. ते प्रश्नचिन्ह घालण्याची व्यवस्था धाकट्यानेच चार महिन्यांपूर्वी लिहिली होती. माणसाच्या नावाला घातली, रस्त्याच्या नावाला घातली, गावाच्या नावाला घालायची राहिली. गावाच्या नावात असे काही असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

मला मात्र राहून राहून वाटते की ती ओळ त्याला आधीच सापडलेली होती. मघाशी मी वर आलो तेव्हाच तो ओठ मिटून बसला होता. पण हे मी त्याला विचारलेले नाही.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. संदेश पुन्हा सुटले. मग तो साहेबांना पत्र लिहायला बसला. पहिलेच वाक्य: चूक माझी आहे. माझ्या पोटात खड्डा पडला. मी म्हणालो, "सकाळी लिही. आणि त्यांनी नवं दुकान आधी कळवलं नाही, असंही लिही की."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले नाही. धाकट्याला विचारले, "कागद हाय का तुझ्यापाशी?"

"सगळा आहे. कुणी कधी काय पाठवलं, मिनिटा-सेकंदासकट."

"बोललेलं बी ऱ्हातं का ह्याच्यात?"

"नाही, अण्णा. लिहिलेलंच राहतं."

अण्णांनी मान हलवली. खूप वेळ हलवीत राहिले. मग म्हणाले, "लिव मग. जसं झालं तसं लिव." आणि काठी टेकत खाली गेले.

पत्र गेले. आता पोच यायची वाट. धाकटा म्हणाला, पोच आली म्हणजे पटले असे नसते. फक्त मिळाले आणि नीट वाचता आले, एवढाच तिचा अर्थ. मालाला 'हो' की 'नाही', ते वेगळ्या कागदाने येते. आम्ही दोघे भिंतीला टेकून बसलो. दिवाळीचे जादा सामान त्या खोलीत आणून टाकलेले होते. काड्यापेटी शोधता शोधता त्याच्या हाताला तो बिस्किटांचा डबा लागला.

झाकण निघाले. त्याने एक पावती उचलली, दुसरी उचलली. स्वतःचीच सही, वीस वर्षांपूर्वीची, कोवळी. मला विलक्षण संकोच वाटला, चोरी सापडल्यासारखा.

"ह्या ठेवल्यास तू?"

"पडून होत्या."

तो पावत्या तारीखवार लावू लागला. सवयच ती! बऱ्याच वेळाने, मान वर न करता म्हणाला, "कुपनं माझ्याजवळ आहेत. नांदेडला, कपाटात. बुटांचं पण आहे."

त्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. खाली कोणा तरी पोराने राहिलेली लवंगी लावली. पडद्यावर काही तरी हालले. धाकट्याने उठून पाहिले आणि हात जोडल्यासारखे केले. चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

त्याच्या साहेबांचे उत्तर दुपारी आले. ते त्याने जिन्यात उभ्याउभ्या वाचले आणि खिशात फोन टाकून तो जेवायला बसला. दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या, त्यावरून आम्ही काय ते ओळखले. त्याच्या आधी, पाडव्याच्या सकाळी, मी देवघरात निरांजन लावायला गेलो होतो. अण्णांची लाल वही पाटावर उघडी होती. 'श्री'च्या खाली, कित्येक वर्षांनी, त्यांनी एक नोंद केली होती. अक्षर थोडे थरथरलेले, पण ओळ सरळ.

'हॉलंडची पोच आली. पहाटे ४-१०. ओळी सतरा.'

आणि खाली रेघ मारलेली होती.